मूलभूत हक्काला मुदत नसते म्हणे!

‘संविधानाने दिलेला आणि दुकानदारांनी दडवलेला तुमचा हक्क’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ग्रुपांवर सध्या फिरतोय. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आला, तोवर मी गप्प होतो. मग तो खानापूरच्या मामींच्या मोबाईलवर पोचला आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवून तयार असलेली तक्रार कपाटात ठेवून दिली. आता गप्प बसणं शक्य नाही.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. कोर्टाच्या बाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतो. ग्राहक आयोगाकडे जाणारे कागद हाताखालून जातात, त्यामुळे कुठला कागद चालतो आणि कुठला आल्या पावली परत येतो एवढं कळतं.

मजकूर ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश. ग्राहक हक्क हा संविधानाच्या कलम ३९ ने दिलेला मूलभूत हक्क आहे. मूलभूत हक्काला मुदत नसते, म्हणून खरेदीनंतर कितीही वर्षांनी दाद मागता येते. त्यासाठी कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टाला साधं पोस्टकार्ड टाकलं की पुरे, जिल्हा आयोग म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून असल्यामुळे कर्नाटकातल्या आयोगाला आपल्यावर अधिकारच नाही, कोल्हापूरला जावं. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी घटनाबाह्य आहे, म्हणून कुठलाही माल ३० दिवसांत परत करता येतो. छापील किमतीपेक्षा रुपया जरी जास्त घेतला तरी १० लाख भरपाई. आणि शेवटी, बाबासाहेबांचं संविधान वाचवायचं असेल तर हे ११ जणांना पाठवा.

क्रमाने जात नाही. मुदतीचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, तोच आधी घेतो.

मामींनी कोल्हापुरातल्या एका दुकानातून वॉशिंग मशीन घेतलं. काही महिन्यांत ड्रम फिरायचा बंद झाला. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, ‘पार्ट मागवलाय’ म्हणाला, आणि तेव्हापासून पार्ट वाटेतच आहे. मोबाईलवर मात्र ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असे मेसेज नेमाने येतात. मी तक्रारीचा मसुदा टाइप करून ठेवला होता, फक्त सही हवी होती. फोन केला तर मामी म्हणतात, “अरे बाळा, घाई कशाला करायलास? ह्यात लिवलंय बघ की, मूलभूत हक्काला मुदत नसती म्हणून. दसरा झाला की बघूया.”

मामी, मुदत असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. त्यानंतर तक्रार दाखल करायची तर उशीर का झाला याचं सबळ कारण लेखी द्यावं लागतं, आयोगाला ते पटावं लागतं आणि आयोगाने ते नोंदवावंही लागतं. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं’ हे सबळ कारणात बसत नाही.

आणि कंपनीशी चाललेल्या पत्रव्यवहाराने ही २ वर्षं लांबत नाहीत. लोकांची नेमकी इथंच फसगत होते. मेसेज येतोय, माणूस येऊन जातोय, म्हणजे आपलं प्रकरण जिवंत आहे असं वाटतं. प्रकरण जिवंत असतं ते कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये. कायद्याच्या हिशेबात दिवस सरतच असतात. माझ्या टेबलावर अशी कितीतरी बाडं आली आहेत. वर नीट टाचलेली जॉबशीट, खाली इमेलच्या प्रिंट, सगळं तारीखवार लावलेलं, आणि शेवटचा कागद मुदतीच्या पुढचा. त्यात दुकानाचं बिल बहुतेक थर्मल कागदावरचं. पाकिटात घालून देव्हाऱ्यामागं ठेवलेलं असतं. काढून बघावं तर निम्मी अक्षरं उडालेली, रक्कम दिसते आणि तारीख नाही, किंवा तारीख दिसते आणि दुकानाचं नाव नाही. बिल हातात आल्या दिवशी त्याची झेरॉक्स काढावी हे मी गिऱ्हाइकांना ओरडून सांगतो. मुदत नसते असं मानणारा माणूस झेरॉक्स कशाला काढेल?

बरं, वादापुरतं धरून चालू की हा मूलभूत हक्कच आहे. तरी मजकूर चूकच. कलम ३२ खालच्या अर्जाला मुदतीच्या कायद्यात ठरावीक वर्षं दिलेली नाहीत, एवढं खरं. पण १९६८ साली त्रिलोकचंद मोतीचंद विरुद्ध मुन्शी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मूलभूत हक्कासाठी आलेला माणूससुद्धा अवाजवी उशिरा आला तर त्याला परत पाठवता येतं. म्हणजे ज्या खांबाला धरून हा मजकूर उभा आहे तो खांबही पोकळ. हे लिहिणारा स्वतःच एखादा दुकानदार असावा अशी मला कधीकधी शंका येते. लोकांनी २ वर्षं स्वस्थ बसावं यात दुसऱ्या कुणाचा फायदा आहे?

आता कलम ३९. ते मूलभूत हक्कांच्या भागात नाहीच. संविधानाच्या तिसऱ्या भागात मूलभूत हक्क आहेत, चौथ्या भागात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं. ३९ चौथ्या भागात येतं. समाजाच्या भौतिक साधनांचं वाटप सर्वांच्या हिताचं व्हावं, संपत्ती मोजक्या हातांत गोळा होऊ नये, असं ते सरकारला सांगतं. ग्राहक हा शब्द त्यात नाही. आणि त्याच भागातलं कलम ३७ म्हणतं की ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, पण कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत. मजकूर लिहिणाऱ्याने ३७ मधला ‘मूलभूत’ तेवढा उचलला असावा आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं असावं.

मजकुरात जे ‘कलम ३९ मधले सहा हक्क’ म्हणून दिलेत, ते खरे आहेत, फक्त पत्ता चुकलाय. धोकादायक मालापासून संरक्षण, मालाचा दर्जा, वजन, शुद्धता आणि किंमत यांची माहिती, वाजवी स्पर्धेच्या किमतीत निवड, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, दाद मागणं आणि ग्राहक जागृती. हे सहाही हक्क ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २, पोटकलम ९ मध्ये आहेत. संसदेने केलेल्या कायद्यातला हक्क काही कमअस्सल नसतो. उलट त्याला शुल्क, मुदत, कार्यालय, अपील असं सगळं जोडलेलं असतं, म्हणून तर तो वापरता येतो.

गंमत अशी की दुकानाच्या दारातला एक खराखुरा मूलभूत हक्क संविधानात आहे आणि या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. कलम १५, खंड २. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात, सार्वजनिक उपाहारगृहात, हॉटेलात जायला अडवता येणार नाही. हा हक्क थेट दुकानदारावरही चालतो. ज्या देशात माणसाला दुकानाच्या पायरीखाली उभं करून वरून माल टाकत होते, तिथं संविधानाने आधी पायरीचा प्रश्न घेतला. आत गेल्यावर मशीन नीट फिरतं का, हे संसदेच्या कायद्यावर सोडलं. बाबासाहेबांचं नाव घेऊन ११ जणांना पाठवायचंच असेल तर हे कलम पाठवा.

ग्राहकहिताला संविधानातच जागा देणारे देश आहेत, नाही असं नाही. स्पेनच्या १९७८ च्या संविधानात कलम ५१ आहे. लांब कशाला, नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम ४४ आहे, तिथं दर्जेदार वस्तू आणि सेवा मिळणं हा ग्राहकाचा मूलभूत हक्कच आहे. आपल्याकडे तसं स्वतंत्र कलम नाही. ते असावं का, यावर खुशाल वाद घालावा. पण नसलेलं कलम आहे म्हणून खपवू नये.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने पदरात घालतो. खाण्यापिण्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने ग्राहकहित कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडलेलं आहे. २०१३ साली शीतपेयांच्या प्रकरणात कोर्टाने सुरक्षित अन्नाचा संबंध जगण्याच्या हक्काशी लावला, आणि २०१६ साली दूधभेसळीच्या प्रकरणात सरकारांना कडक सूचना दिल्या. म्हणजे भेसळ रोखणं ही सरकारची घटनात्मक जबाबदारी आहे, असं म्हणायला जागा आहे. त्यातून मामींच्या वॉशिंग मशीनचा ड्रम फिरत नाही.

ग्राहक संरक्षण आणि संविधान यांचा खरा संबंध बघायचा तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्याकडे बघा. कर्नाटक सरकार विरुद्ध विश्वभारती हाउस बिल्डिंग को-ऑपरेटिव्ह सोसायटी, सुप्रीम कोर्टाचा निकाल जानेवारी २००३ चा. आक्षेप असा होता की ग्राहक संरक्षण कायदाच घटनाबाह्य आहे, दिवाणी कोर्टं असताना संसदेला अशी वेगळी न्यायपीठं उभी करायचा अधिकार नाही. सुप्रीम कोर्टाने तो आक्षेप फेटाळला. संसदेला अधिकार आहे. ही न्यायपीठं दिवाणी कोर्टाला बाजूला सारत नाहीत, ग्राहकाला जादा वाट देतात. वर अपिलाची सोय आहे, शिवाय हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचे घटनात्मक अधिकार शाबूत आहेत, त्यामुळे संविधानाला कुठं धक्का लागत नाही. तो कायदा १९८६ चा होता, आताचा २०१९ चा आहे, पण सांगाडा तोच. आज जिल्हा आयोगाचा हुकूम दुकानदाराला मानावा लागतो तो या निकालाच्या जोरावर. आणि ज्या आयोगाची बाजू सुप्रीम कोर्टाने उचलून धरली, त्यालाच वेळकाढू ठरवून हा मजकूर लोकांना सुप्रीम कोर्टाकडे धाडतो!

पोस्टकार्डाचा मुद्दा. पत्रालाच अर्ज मानून सुप्रीम कोर्टाने दखल घेतली, असं झालेलं आहे. १९८० च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्याच्या पत्रावरून झालं, वेठबिगारांच्या बाबतीत झालं. पण कुठली पत्रं घ्यायची याचे नियम कोर्टाने १९८८ मध्ये ठरवून दिले. त्यात वेठबिगार आहेत, किमान वेतन न मिळणारे मजूर आहेत, तुरुंगातली छळवणूक आहे, औषधं आणि अन्नभेसळ हेही विषय आहेत. एका घरातल्या बिघडलेल्या मशीनची तक्रार नाही. शिवाय मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात, कोल्हापूरच्या दुकानदारावर कलम ३२ चा अर्ज टाकून भागत नाही. ग्राहकाला सुप्रीम कोर्टापर्यंत जाता येतं, पण पायऱ्या चढून. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील, पुढे राष्ट्रीय आयोग.

आणि पहिली पायरी काही फार उंच नाही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क शून्य. त्यापुढे १० लाखांपर्यंत २०० रुपये. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचं प्रकरण जिल्हा आयोगातच चालतं. वकील लावायची सक्ती नाही, स्वतः उभं राहता येतं. तक्रार ऑनलाइनही भरता येते, आधी ‘ई-दाखिल’ होतं, २०२५ पासून ‘ई-जागृती’. निकाल ३ महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर ५ महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात. वेळकाढू म्हणणाऱ्याचं एवढं ऐकून घेतो.

आता सीमाभागाचा मुद्दा. हा वाचून मी चहाचा पेला खाली ठेवला. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा लावला आहे, तो अजून चालू आहे, म्हणून म्हणे बेळगावच्या ग्राहक आयोगाला आपल्यावर अधिकार नाही. सीमाप्रश्नावर माझं मत काय ते आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला मी कुठं असतो तेही ठाऊक आहे. पण सीमावादावरच्या महाजन अहवालाचा आणि वॉशिंग मशीनचा काडीचा संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा केंद्राचा आहे. बेळगाव कुठल्या राज्यात असावं हा वाद सुटेपर्यंत इथल्या माणसाने बिघडलेलं मशीन उराशी धरून बसावं, असं त्या दाव्यात कुठंही म्हटलेलं नाही. दावा चालू असताना आपण वीजबिल भरतो, घरं विकतो, बँकेचं कर्ज काढतो. तेवढ्या एका आयोगावरच बहिष्कार का?

यातली चीड आणणारी बाब वेगळीच आहे. २०१९ च्या कायद्याने सीमेवरच्या माणसाचाच सगळ्यात जास्त फायदा केला आहे. जुन्या कायद्यात समोरची पार्टी जिथं असेल किंवा तक्रारीचं कारण जिथं घडलं असेल तिथंच जावं लागायचं. कोल्हापूरला खरेदी केली की कोल्हापूरच्या चकरा. निपाणीकराला ते एक वेळ जमायचं, खानापूरच्या पलीकडच्या माणसाने काय करायचं? नव्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. दुकान कोल्हापूरचं असो, पणजीचं असो की माल ऑनलाइन मागवलेला असो. आपले लोक लग्नाचा बस्ता एका राज्यात बांधतात, सोनं दुसऱ्या राज्यात घेतात आणि चोर्ला घाटातून उतरून तिसऱ्या राज्यात कामाला जातात. त्यांच्यासाठी केलेली सोय त्यांनाच नाकारायला लावणारा हा मजकूर आहे, तोही मराठी अस्मितेच्या नावाने.

पाटीबद्दल थोडक्यात. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पक्कं बिल न देणं हीही. म्हणजे पाटी लावून दुकानदार सुटत नाही, तेवढं बरोबर. पण ‘सदोष’ हा शब्द मजकुरातून गळला आहे. शहापूरच्या दुकानात तासभर बसून पसंत केलेली साडी घरी आल्यावर जावेला आवडली नाही, हा दोष साडीचा नव्हे.

छापील किंमत. जादा पैसे घेणं हा वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापांच्या, कायद्याखालचा गुन्हा, त्याची तक्रार त्या खात्याकडे. तवंदी घाटाच्या अलीकडच्या ढाब्यावर टेबलाशी बसून पाण्याची बाटली घेतली तर मात्र गोष्ट वेगळी. २०१७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की हॉटेल-रेस्टॉरंट नुसता माल विकत नाही, सेवा देतं, म्हणून तिथं छापील किमतीचं बंधन तसं लागू नाही. ते १० लाख कुठून आले तेही सांगतो. फसव्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात नाही.

वडगाव-खासबागच्या विणकरांकडून एक प्रश्न नेहमी येतो, तोही इथंच उरकतो. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा नाही, असं मजकुरात छातीठोकपणे लिहिलंय. पण स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेला माग किंवा शिलाई मशीन असेल तर घेणारा ग्राहकच. विकून नफा काढायला घेतलेला माल वेगळा.

उरलं भाषेचं. सीमाभागासाठी संविधानातलं खरोखर उपयोगी कलम कुठलं, तर ३५०. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. वजनमापाच्या निरीक्षकाकडे, अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे, तहसीलदाराकडे मराठीत लिहून दिलेला अर्ज भाषेवरून नाकारला तर हे कलम दाखवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही मराठीत बोलता येतं. आयोगापुढचं कामकाज निराळं, आमच्याकडे ते इंग्रजी-कन्नडात चालतं, म्हणून तिथं मराठी बिलासोबत भाषांतर जोडलेलं बरं. आणि ३५० मध्ये मराठीत अर्ज द्यायचा हक्क आहे, मराठीत उत्तर मिळेल असं त्यात म्हटलेलं नाही. तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या, एक तिथं द्या आणि दुसरीवर तारखेसह पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.